दहाच्या आतली माणसं

बाईंचा आकड्यांवर विश्वास होता, माणसांवर नव्हता. महापालिकेच्या गणना कक्षात सगळे त्यांना तोंडावर 'मॅडम' आणि पाठीमागे 'हवालदार' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, कारण पाठीमागे काय चाललंय ते त्यांना नेहमीच ठाऊक असे. दूधवाल्याने घातलेलं दूध त्या आपल्या मापाने पुन्हा मोजत. नवरा "जरा जाऊन येतो" म्हणाला की "जरा म्हणजे कुठे?" हा प्रश्न चप्पल पायात जायच्या आत येई. बिचारा हल्ली फारसा जातच नसे.

कक्षाच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता. या घडीला शहरात कुठे किती माणसं आहेत, ते त्यावर दर पंधरा मिनिटांनी उमटे. घरोघरी जाऊन डोकी मोजायचे दिवस गेले होते. आता लोकांच्या खिशातले मोबाइलच हजेरी लावत. फोनवाल्या कंपनीकडून नावगाव गाळून नुसती संख्या येई आणि शहराच्या नकाशावर आखलेल्या चौकोनांत भरली जाई. बाजाराचा चौकोन सकाळी अकराला फुगे, दुपारी तीनला ओसरे. बस किती सोडायच्या, कचऱ्याची गाडी कधी पाठवायची, कुठल्या दवाखान्यात किती डॉक्टर बसवायचे, सगळं त्यावर ठरे. बाई या पडद्याच्या प्रमुख होत्या, आणि पडद्यावरही डोळ्यात तेल घालून पहारा ठेवत.

एका सोमवारी साहेबांनी त्यांच्यापुढे एक कागद सरकवला. टेकडीवरची बस पहिल्या तारखेपासून बंद.

"का?" बाईंनी विचारलं.

"माणसंच नाहीत तिथे. तुमचाच आकडा आहे, बघा."

बाईंनी बघितलं. टेकडीच्या उतारावर दीडशे घरं विखुरलेली होती, आणि पडद्यावर त्या सगळ्या उतारावर शून्य होतं. गेले दीड महिने शून्य. फक्त रोज सकाळी साडेआठला, बस जिथून वळते त्या चौकोनात, अचानक चौदा माणसं उगवायची आणि पुढच्या पंधरा मिनिटांत नाहीशी व्हायची.

"सहलीला येत असतील," साहेब म्हणाले. "अंतिम निर्णय पुढच्या सोमवारी. तोवर तुमचं काही म्हणणं असेल तर पुराव्यासकट सांगा."

बाईंचं म्हणणं होतंच, कारण त्या उतारावर त्यांचे वडील राहत होते. अप्पांचं वय ऐंशीला एक कमी, राहणं एकट्याचं, आणि डाव्या पायाला वर्षभर न भरणारी जखम. आठवड्यातून तीनदा ते बसने खाली दवाखान्यात येऊन पट्टी बदलून घेत. बस गेली की त्यांना घर सोडून लेकीच्या दोन खोल्यांत यावं लागणार होतं, आणि त्याबद्दल त्यांनी मागेच सांगून ठेवलं होतं, "तुझ्याकडे येईन तो आडवाच येईन."

चालता-बोलता माणूस पडद्यावर नाही म्हणजे काय? बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि त्यांच्या मनातली पाल एकदा सुरू झाली की गप्प बसत नसे. दीड महिना म्हणजे कधीपासून? तर कंपनीने नवा नकाशा बसवला तेव्हापासून. जुने चौकोन मोठे होते, अर्ध्या अर्ध्या किलोमीटरचे. नवे छोटे, शंभर मीटरचे. ते बसवले कुणी? कंपनीच्या इंजिनिअरने. हा तिशीतला, मोजकं बोलणारा, डबा एकट्याने खाणारा माणूस बाईंना पहिल्या दिवसापासून खटकला होता. डबा एकट्याने का खातो? लपवण्यासारखं काय असतं डब्यात?

त्यातच कुणीतरी सांगितलं की साहेबांच्या मेहुण्याने टेकडीच्या पायथ्याशी जागा घेतली आहे. मग काय, बाईंच्या डोक्यात सगळं जुळलं. बस बंद झाली की लोक घरं विकतील. ती मेहुणा घेईल. इंजिनिअर शून्य दाखवेल आणि साहेब सही करतील. आणि ती साडेआठची चौदा माणसं? कुणीतरी पिशवीत चौदा फोन घालून येत असणार, थोडा वेळ थांबून जात असणार. कशासाठी, ते मात्र त्यांना अजून सुचलं नव्हतं.

त्यांनी कंपनीला तीन पानी तक्रार पाठवली: आपला इंजिनिअर आकड्यांत फेरफार करत असल्याचा दाट संशय आहे. दुसऱ्याच दिवशी कंपनीने त्याला तंबी दिली, की जेवढं विचारतील तेवढंच सांग, वर एक अक्षर बोलू नकोस. बाईंनी त्याला समोर बसवून विचारलं, "टेकडीवर किती माणसं आहेत?"

"पडद्यावर शून्य आहेत, मॅडम."

"ते मलाही दिसतंय. फेरफार कुणी केला?"

"फेरफार झालेला नाही."

ताकास तूर लागू देईना. बाईंनी त्याच्या तळहाताकडे बघितलं, घाम आलाय का ते. आला होता. त्यांची खात्री पटली.

शनिवारी त्या स्वतः टेकडीवर गेल्या. वही घेऊन दारोदार फिरल्या, जुन्या पद्धतीने डोकी मोजत. वाटा चढणीच्या, घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, कुत्री मात्र दर घराला दोन. दुपारपर्यंत चारशे बारा माणसं भरली. गुडघे बोलायला लागले होते, पण जीव सुखावला होता. आता बघतेच एकेकाला.

अप्पांच्या अंगणात त्या खुर्चीवर टेकल्या. अप्पा पाय स्टुलावर ठेवून बसले होते, शेजारीण पाणी घेऊन आली होती, आणि बसचा ड्रायव्हर गाडी सुटायला वेळ होता म्हणून सावलीला आला होता. बाईंनी इंजिनिअरला फोन लावला. तो शनिवारीही कामावर होता. हेसुद्धा त्यांनी मनात टिपून ठेवलं.

"मी टेकडीवर आहे. अंगणात आम्ही चौघं, चौघांकडे फोन. आत्ता या चौकोनात किती दिसतात?"

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. मग तो म्हणाला, "पडद्यावरचा आकडा विचारताय की कच्चा?"

"कच्चा म्हणजे?"

"फोनकडून येतो तो. पडद्यावर जायच्या आधीचा."

"कच्चाच सांगा की!"

"त्याला लेखी आदेश लागतो."

"कुणाचा?"

"तुमचा, मॅडम."

बाईंना आठवलं. लेखी आदेशाशिवाय कच्चा आकडा कक्षातल्या कुणीही बघायचा नाही, प्रमुखांनीसुद्धा नाही, असं त्यांनीच लिहून घेतलं होतं. स्वतःवरही पहारा बसवायला त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी तिथल्या तिथे मेसेज करून आदेश दिला. मिनिटभराने उत्तर आलं, "पाच."

"पाच कसे? आम्ही चौघं आहोत!" बाई ताडकन उठल्या. "सापडलात की नाही? अहो, पाचवा फोन आणला कुठून?"

ड्रायव्हरने मान हलवली. शेजारणीने पदर झटकून दाखवला. अप्पा मात्र पायाच्या पट्टीकडे बघत बसले होते.

"अप्पा?"

अप्पांनी सावकाश पाठीशी घेतलेल्या उशीमागून एक जुना, बटणांचा फोन काढला.

"हा कुणाचा?"

"माझाच. तो दुसरा तू दिलेला. आलीस की त्यातले कॉल बघत बसतेस, याला का केला, त्याला का केला. मित्रांशी बोलायला हा ठेवलाय."

शेजारीण भांडं घेऊन घाईने निघून गेली. बाईंना कुणीतरी भर चौकात तोंडात मारल्यासारखं झालं. पण फोन कानालाच होता आणि इंजिनिअर अजून थांबला होता.

"पाच आहेत तर पडद्यावर शून्य का?" त्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"दहाच्या आत असले की पडद्यावर शून्य जातं. नियमच आहे."

नियम. दोन वर्षांपूर्वी त्याच नियमासाठी बाई साहेबांशी भांडल्या होत्या. पडदा सगळ्या शहराला बघायला खुला. एखाद्या चौकोनात एकच फोन दिसला आणि थोड्या वेळाने तोही गेला, तर घर रिकामं आहे हे चोराला घरबसल्या कळेल. म्हणून दहाच्या आतला आकडा दाखवायचाच नाही. साहेब म्हणाले होते, "इतका कसला संशय?" आणि बाईंनी नियम मंजूर करून घेऊनच श्वास घेतला होता. मोठ्या चौकोनांत तो कधी जाणवला नाही, कारण दहाच्या आत कोणी पडतच नव्हतं. चौकोन बारीक झाले आणि टेकडीवरचा प्रत्येक चौकोन पाच-सहा, सहा-सात फोनांवर आला. प्रत्येकाचं शून्य झालं, आणि शून्यांची बेरीज करून साहेबांनी बस काढून घ्यायचं ठरवलं. सकाळी मात्र लोक बससाठी एके ठिकाणी जमायचे, तेवढ्यापुरते दहाच्या वर जायचे आणि पडद्यावर दिसायचे. पिशवीबिशवी काही नव्हती.

बाईंनी अप्पांकडे बघितलं. ज्यांच्या घरावर चोराची नजर पडू नये म्हणून एवढा आटापिटा केला, त्यांनाच बाईंनी पडद्यावरून पुसून टाकलं होतं.

सोमवारच्या बैठकीत साहेब, दोन अधिकारी आणि इंजिनिअर होते. बाईंनी वही उघडून चारशे बारा माणसं वाचून दाखवली. साहेबांनी भुवया वर केल्या. "म्हणजे कंपनीची चूक. तुमची तक्रार आहेच फायलीत. चला, इंजिनिअर बदलून घेऊ, विषय संपला."

विषय खरंच संपला असता. इंजिनिअर टेबलाकडे बघत होता आणि बाईंनी फक्त मान हलवायची होती. बस वाचली असती आणि अब्रूही. एक घोट पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "चूक कंपनीची नाही. दहाच्या आत शून्य हा नियम माझा आहे. चौकोन बारीक करायच्या कागदावरची सहीही माझीच. तक्रार मी मागे घेते."

दोन्ही अधिकारी एकाच वेळी खोकले. साहेबांना हसू आवरेना. "हवालदारांनी स्वतःलाच पकडलं म्हणायचं! मग काढून टाका तो नियम."

"नाही," बाई म्हणाल्या. "नियम बरोबर आहे. माझे वडील पट्टी करायला खाली आले की घर रिकामं आहे, हे शहराला कशाला कळायला हवं? टेकडीचे सगळे चौकोन जोडून एक करा. एकूण आकडा दिसेल, कोण घरी आहे ते दिसणार नाही."

इंजिनिअरने तिथेच लॅपटॉप उघडला. साहेबांचा चहा संपायच्या आत पडद्यावर टेकडी उजळली: तीनशे सहा फोन. बस बंद करायचा कागद साहेबांनी फाडला, आणि बाईंच्या निष्काळजीपणाबद्दल दोन ओळी त्यांच्या फायलीत लिहायला सांगितल्या. बाईंनी त्या वाचून खाली सही केली.

बैठक संपल्यावर जिन्यापाशी त्यांनी इंजिनिअरला गाठलं. माफी मागायची होती, पण तोंडातून सवयीने प्रश्नच आला. "पंधरा मिनिटांचं काम होतं हे. तुम्हाला कधी कळलं होतं?"

"नकाशा बसवल्यावर तिसऱ्या आठवड्यात."

"तिसऱ्या? म्हणजे माझ्या तक्रारीच्या आधी! आणि गप्प बसलात? तिथे चारशे माणसं आहेत!"

"हो. त्याची लाज वाटते मला," तो म्हणाला. राग नव्हता त्याच्या आवाजात, थकवा होता. "दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेलो. मॅडम, खरं सांगा. मी आत येऊन म्हणालो असतो, की टेकडीवरची माणसं तुमच्याच नियमाने गेली आहेत, तर तुम्हाला खरं वाटलं असतं?"

'अर्थात' असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. पण त्याच्याकडे बघून खोटं बोलवेना.

"नाही," त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली, बॅग खांद्याला अडकवली आणि तो जिना उतरून गेला.