सीफस टॉलिव्हरचा डावा हात

माझे वडील, चर्चचे एक कारभारी, डीकन सीफस टॉलिव्हर, यांना साधी शीळ घालता येत नव्हती. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांची टाळी पडून गेली की मागून त्यांची एकट्याची यायची, तीही रागावल्यासारखी. असा माणूस मेल्यावर कित्येक वर्षांनी थोर पियानोवादक ठरला. कोणी ठरवलं? ज्यांना गाण्यातलं फार कळतं त्यांनी.

डेट्रॉइटमध्ये साठच्या दशकात एका फुटकळ कंपनीने चार-पाच रेकॉर्ड काढल्या आणि दिवाळं काढलं. त्या रेकॉर्डवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, पियानो: सीफस टॉलिव्हर. हे नाव दुसऱ्या कुठल्याच रेकॉर्डवर नाही. झालं, इंटरनेटवर जुन्या रेकॉर्डवाल्यांचा एक अड्डा आहे, तिथे हा सीफस कोण यावर वर्षानुवर्षं खल चालला. आधी म्हणाले, असा माणूसच नाही. दुसऱ्या कंपनीशी करार केलेला कोणी बडा वादक चोरून वाजवून गेला आणि खोटं नाव देऊन गेला. तेव्हा तसं चालायचं, त्यामुळे एवढ्यापुरता मी त्यांना दोष देत नाही.

पण मग कोणालातरी कब्रस्तानात बाबांचा दगड सापडला आणि अड्ड्यावर दिवाळी झाली. मोटारीच्या कारखान्यात भट्टीवर राबणारा मजूर! चर्चचा कडक डीकन! लोकांना भिऊन आपली कला लपवणारा! एकाने लिहिलं, “त्या डाव्या हातात भट्टीतलं लोखंड ऐकू येतं.”

लोखंड कसलं डोंबलाचं? ती माझी आई होती.

मी तसं लिहिलंही. केस कापायचं माझं दुकान आहे, लिहिण्याचा मला सराव नाही, तरी बसून लिहिलं: ‘मी सीफस टॉलिव्हर यांची मुलगी व्हर्लीन. पियानो त्यांनी नाही, माझ्या आईने वाजवला. तिचं नाव इमोजीन. ती जिवंत आहे, माझ्याकडे असते, रोज माझ्या कॉफीला नावं ठेवते. येऊन विचारा.’

ग्रेडन व्हिटलॉक नावाचा त्यांचा म्होरक्या आहे. त्याने उत्तर दिलं: “मॅडम, घरच्यांच्या भावना मी समजू शकतो. पण हा डावा हात बाईचा नाही, हे जाणकार कानाला पहिल्या फटक्यात कळतं.” खाली लोकांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कानाला कळतं म्हणे! हात बाईचा की बाप्याचा हे सांगणारे कान कुठल्या दुकानात मिळतात?

आई रताळी सोलत होती. मी वाचून दाखवलं.

“लिहू दे,” ती म्हणाली.

“अगं, तुझी मेहनत बाबांच्या नावावर चाललीय!”

“मीच घातली ना त्यांच्या नावावर? आता बोंबलून काय उपयोग?”

ती गोष्ट मला बाबा गेल्यावर तिने सांगितली होती. एकदा बाबा कामावरून लवकर घरी आले. आई पियानोवर तसलं गाणं वाजवत होती, दारूच्या गुत्त्यातलं, सैतानाचं. बाबा हात धुऊन जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी आई बाजार घेऊन आली तर भिंतीपाशी पियानोच नव्हता, विकून टाकलेला. त्याच आठवड्यात आई रविवारची टोपी घालून त्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत गेली. तिथल्या माणसाने विचारलं, नाव काय लावू? स्वतःचं सांगितलं असतं तर चर्चने बाहेर काढलं असतं. तिथली भजनं तीच वाजवायची. तिने ठसक्यात नवऱ्याचं नाव सांगितलं. “म्हटलं, पाप करायचंच तर त्यांच्या खात्यावर जाऊ दे,” असं म्हणून ती दर वेळी खुदकन हसायची.

या वेळी हसली नाही. “व्हर्लीन, चर्चमध्ये मी मानाच्या म्हाताऱ्यांच्या पुढच्या बाकावर पांढऱ्या कपड्यात बसते. सगळे मला मदर टॉलिव्हर म्हणतात. त्यांना कळलं तर त्या बाकावर बसू कशी मी?”

मग मीही गप्प बसले. पण व्हिटलॉक गप्प बसणाऱ्यातला नव्हता. अड्ड्यावरच्यांनी मिळून बाबांच्या थडग्यासाठी एक पितळी पाटी केली. शनिवारी सकाळी समारंभ, घरच्यांना आणि चर्चला आग्रहाचं निमंत्रण. मी म्हटलं, जायचं नाही. आई म्हणाली, “नवऱ्याचा सत्कार आहे, मी जाणार.” वॉकर घेऊन, पांढरी टोपी घालून निघालीसुद्धा.

कब्रस्तानात रेकॉर्ड काखेत मारलेले दाढीवाले जमले होते. चर्चमधून पाळक आले होते, आणि आईची जुनी मैत्रीण ओडेसामावशी. दगडासमोर, बाबांच्या नावापाशी, लोखंडी खुंटीवर पाटी रोवलेली होती. तिच्यावर पियानोचं चित्र आणि खाली नाव: सीफस टॉलिव्हर.

व्हिटलॉक बोलायला उभा राहिला. “हा माणूस दिवसभर भट्टीवर जळायचा. आपली कला त्याने जगापासून लपवली, कारण त्याच्या घरात ती समजणारं एकही माणूस नव्हतं.”

“काय म्हणालास?”

आई होती. चर्चमध्ये दंगा करणाऱ्या पोरांना ज्या आवाजात गप्प करते तो आवाज.

“काय म्हणालास रे? घरात समजणारं कोण नव्हतं?”

“मॅडम, मला तुमचा अपमान—”

“या माणसाने माझा पियानो विकला! मी बाजाराला गेले तेवढ्यात! याला दोन सूर ओळखू येत नव्हते. त्या रेकॉर्डवर मी वाजवलंय, सगळ्या रेकॉर्डवर. याचं नाव मी रागाने घातलं. आणि तू म्हणतोस घरात समजणारं कोणी नव्हतं?”

पाळक स्वतःच्या बुटांकडे पाहत होते. व्हिटलॉकने घसा खाकरला. “मॅडम, आदर ठेवून विचारतो. याला काही पुरावा?”

“ह्यांच्याकडे मागितलास?” आईने थडग्याकडे बोट केलं. “मेलेल्या माणसाने एक सूर वाजवून दाखवला नाही, तरी तुझा विश्वास बसला. जिवंत बाई समोर उभी आहे, तर पुरावा हवा?”

मग आई वळली आणि ओडेसामावशीकडे बघायला लागली. तिला भीती होती ती या दाढीवाल्यांची नव्हतीच.

ओडेसामावशी म्हणाली, “अगं इमोजीन, आम्हाला तेव्हापासून ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“रेडिओवर पहिल्यांदा लागलं तेव्हाच. दर रविवारी भजनाच्या शेवटी तू डाव्या हाताने जो दणका देतेस, तोच तिथे होता. चर्चचं जेवण रांधणाऱ्या आमच्या अख्ख्या किचन कमिटीला माहीत होतं. डीकनला कोण सांगणार? आम्ही नाचायचो त्यावर, दार लावून.”

आईने तोंडावर हात धरला. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती.

माझं मात्र डोकं फिरलं होतं. या जाणकारांनी त्या दगडाचा फोटो अड्ड्यावर लावला होता, अर्धा कापून. आमच्याकडे नवराबायकोचा एकच दगड करतात आणि मागे राहिलेल्याचंही नाव तेव्हाच कोरून ठेवतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! वर्षानुवर्षं हे लोक नाव शोधत होते, आणि ते वीतभर अंतरावर कोरलेलं होतं. मी पुढे झाले, खुंटी दोन्ही हातांनी धरून पाटी उपटली आणि आईच्या नावापाशी रोवली. टाचेने माती दाबली. मला कोणी अडवलं नाही.

व्हिटलॉकचा चेहरा लाल झाला होता.

“मॅडम, पाटी नवी करून घेतो,” तो म्हणाला. “नाव कसं लिहायचं?”

“दगडावर आहे तसंच. इमोजीन टॉलिव्हर.” आईने वॉकर पुढे सरकवला आणि आपल्या नावाखाली कोरलेल्या जन्मसालावर बोट ठेवलं. त्याच्यापुढे एक रेघ होती आणि रेघेपुढे कोरा दगड. “आणि जरा लवकर कर, बाळा. एवढी जागा भरायच्या आत.”