भिवापूर ते कळमना, एका चार्जवर

कौसल्याबाई मिरचीचं पोतं वरवर बघून कधी घेत नसत. कोपरापर्यंत हात आत घालायचा, तळची मूठ बाहेर काढायची आणि मगच भाव बोलायचा. भिवापूरहून मिरची आणून कळमन्याच्या बाजारात बावीस वर्षं त्यांनी असाच धंदा केला होता. त्यामुळे अश्विन नावाचा गोडबोल्या सेल्समन नंदनवन वस्तीतल्या घरी येऊन इलेक्ट्रिक ट्रकचे गुण गाऊ लागला, तेव्हा त्यांनी आधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. देवराव पार विरघळले होते.

त्यांचं तरी काय चुकलं? तीस वर्षं डिझेलचा ट्रक हाकून डावा गुडघा क्लचने खाल्ला होता. ही गाडी बिनगिअरची, बिनआवाजाची.

"भिवापूरले जाऊन-येऊन एका चार्जवर, काकू. फुल लोड," अश्विन म्हणाला. "मार्च संपला का स्कीम खतम."

"आमचा माल भरून फिरवून दाखव."

"डेमो गाडी सध्या अमरावतीले गेली हाये." त्याने मोबाइल पुढे केला. "हे पाहा, भिवापूरचेच शरच्चंद्रभाऊ. आठ महिन्यांपासून चालवून राहिले."

पन्नाशीचा एक माणूस पांढऱ्या ट्रकशेजारी उभा राहून हसत सांगत होता, "एक नंबर गाडी!" कौसल्याबाईंनी व्हिडिओ तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा चित्र बोटांनी मोठं केलं. टायरवरचे रबराचे बारीक केस जसेच्या तसे होते. आठ महिने रस्त्याला घासलेल्या टायरवर ते राहतील कसे?

त्यांनी मोबाइल परत दिला. अश्विन गेल्यावर देवरावांनी विचारलं, "काहून गप्प हायेस वं?"

"तुमी कुठं सही तं नाई ना केली?"

देवरावांनी नजर खिडकीकडे वळवली. "बुकिंगचा फारम भरला फक्त. नाव आन् पत्ता."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कौसल्याबाई एकट्याच भिवापूरला निघाल्या. शरच्चंद्रांचं घर मिरचीच्या बाजारात पहिल्याच माणसाने दाखवलं. अंगणात चाकांवर ताडपत्री सोडलेला ट्रक उभा होता आणि त्याच्या उघड्या हौद्यात मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"एक नंबर गाडी, ताई," शरच्चंद्र इथेही म्हणाले.

कौसल्याबाईंनी ताडपत्रीचा कोपरा उचलला. "मंग टायर काहून कोरे?"

शरच्चंद्र ओट्यावर बसले. "लाइनीची बोंब हाये, ताई. रात्री व्होल्टेज असं पडते का बल्ब पिवळा होते. रातभर लावली तरी गाडी पुरती चार्ज होत नाई. थ्री-फेजचा अर्ज देऊन वर्ष होत आलं."

"मंग मोबाइलवर हसून काहून सांगतलं?"

"मले विकायची हाये. मीच रडलो तं घेईल कोण? थो पोट्टा म्हणाला, तुमी चांगलं बोला, मी गिऱ्हाईक पाहून देतो."

"गाडीत खोट नाई?"

"गाडीत नाई."

एवढ्याने कौसल्याबाईंचं समाधान होणार नव्हतं. लाइन जशी मिळेल तशी चार दिवस गाडी चार्ज करा, मग आमचा माल भरून आम्ही चालवून बघतो, असं ठरवूनच त्या उठल्या.

चार दिवसांनी नवरा-बायको दोघं आले, तेव्हा बॅटरीचा आकडा चौऱ्याण्णव टक्के होता. चाळीस पोती भरली. देवराव लग्नाच्या वरातीत बसल्यासारखे स्टिअरिंगवर बसले. कौसल्याबाईंची नजर रस्त्यावर नव्हती. ती त्या आकड्यावर खिळलेली होती.

"आवाजच नाई वं! तुझं बोलणं ऐकू येऊन राहिलं."

"मंग ऐका. एसी बंद करा."

उमरेडला आकडा एकाहत्तरवर आला. कळमन्यात पोती उतरली तेव्हा अडतीस.

"परत जाणं झालं असतं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"रिकामी गाडी असती तं झालं असतं. बहुतेक."

"बहुतेक," कौसल्याबाई म्हणाल्या. फुल लोड जाऊन-येऊन ही शुद्ध थाप होती. पण गाडी बेकार होती असंही नाही, आणि हेच त्यांना जास्त खटकत होतं. साफ खोटं असतं तर उठून जाता आलं असतं.

त्यांनी तिसरी वाट काढली. शरच्चंद्रांचा ट्रक उन्हाळाभर भाड्याने घेतला. नंदनवनातली लाइन बरी होती, गाडी घरीच चार्ज करायची. अश्विनचा फोन आला, "काकू, स्कीमचे दोनच दिवस..."

"एप्रिलही संपते, बाबा, आन् मेही संपते. फारमावरचं आमचं नाव खोडून टाक."

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला. आकडा भराभर घसरू लागला आणि एकदा भर दुपारी चार्जिंग आपोआप बंद पडलं. देवरावांचा चेहरा उतरला. कौसल्याबाईंनी वेळ बदलली. पहाटे पाचला निघायचं, दहाच्या आत माल उतरवायचा. तसं केल्यावर महिनाभरात गाडीने दगा दिला नाही. देवरावांचा गुडघा रात्री ठणकायचा थांबला, हेही कौसल्याबाईंनी लक्षात ठेवलं.

जूनमध्ये बॅटरी सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घेतली आणि त्यांनी तोच ट्रक विकत घेतला. लांबच्या फेऱ्यांसाठी डिझेलचा तसाच ठेवला.

कागदावर सही करून, चावी देऊन शरच्चंद्र मोकळे झाले. हसत म्हणाले, "आता तं पटलं ना, ताई?"

कौसल्याबाईंनी हात पुढे केला. "दुसरी चावी कुठं हाये?"