एका वेळी एकाचंच

मित्रांनो, मला ओळखणारं तुमच्यात फारसं कुणी नसेल. मी एक जुना गेटवे आहे. जेवणाच्या डब्याएवढा, करड्या रंगाचा, लोखंडी. माझ्या एका बाजूला यंत्राची वायर लागते आणि दुसऱ्या बाजूला इंटरनेटची. यंत्राजवळ न जाता, दूर बसून त्याच्याशी बोलता यावं, म्हणून माझा जन्म. तो कुठे झाला ते मला ठाऊक नाही. खोकं उघडलं तेव्हा मी नागपूरला, इतवारीतल्या एका ऑफिसात होतो आणि दामिनी मला उलटंपालटं करून पाहत होती. ती एका मिरची गिरणीच्या मालकांकडे नोकरीला होती. यंत्रांची आणि कॉम्प्युटरची सगळी जोडणी तीच बघायची.

माझी रवानगी झाली भिवापूरजवळच्या त्या गिरणीत. तिथे एका लांब लोखंडी नळीत मोठा स्क्रू फिरायचा आणि मिरची चक्कीकडे ढकलायचा. ते यंत्र माझ्या ताब्यात आलं. मिरचीची पूड माझ्या फटीफटींत जाऊन बसली. मला नाक दिलेलं नाही, हे माझं नशीबच म्हणायचं.

गिरणीतले जुने फिटर म्हणजे नत्थूजी. मी येण्याआधी यंत्राची वायर केबिनमधल्या कॉम्प्युटरला लावलेली असे आणि तिथूनच यंत्र चालू-बंद होई. नळी चोंदली की नत्थूजी यंत्र थांबवत, वायर उपसून गळ्यात अडकवत आणि मगच नळीत हात घालत. वायर त्यांच्या गळ्यात असेपर्यंत यंत्र कुणालाच सुरू करता येत नसे. मेन स्विच पाडला तर अख्खी गिरणी थांबे आणि मालकांचा पारा चढे, म्हणून ही रीत पडली होती. माझ्यामुळे ती वायर माझ्यात कायमची आवळली गेली. नत्थूजींना ते मुळीच रुचलं नाही.

"मॅडम, मी इकडं नळीत हात टाकून राहिलो आन् तिकडून कोणी चालू केलं तं?" त्यांनी विचारलं.

"नाही होत, नत्थूजी," दामिनी म्हणाली. "हा एका वेळी एकाचंच ऐकते. तुम्ही मोबाइलवरून याले धरलं, की आमच्या स्क्रीनवर 'व्यस्त' येते. मग मालक असो की मी, कोणाचंच चालत नाही."

ती अगदी खरं बोलत होती. माझा स्वभावच तो. त्या दिवसापासून नत्थूजींनी नवी रीत धरली. मोबाइलवरून माझ्याशी जोडायचं, यंत्र थांबवायचं, जोडणी तशीच ठेवायची आणि सोबतच्या कवडूला ओरडून सांगायचं, "धरला गा!" मगच हात आत. मला त्या हाकेचा अभिमान वाटे. एका माणसाचा हात माझ्या भरवशावर आहे, याहून मोठा मान लोखंडी डब्याला कुठला मिळणार?

माझं कौतुकही झालं. बिघाड भिवापुरात आणि दुरुस्ती इतवारीतून, असं मालक पाहुण्यांना सांगत. मग त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरही यंत्राचे आकडे मागवले. नत्थूजींनी मला धरलेलं असलं की त्यांना 'व्यस्त' दिसे आणि ते दामिनीवर डाफरत, "माहीच गिरणी, आन् मलेच दिसत नाही? काहून?"

रोजच्या कटकटीला कंटाळून एका दुपारी दामिनीनं माझी मांडणी, म्हणजे आतलं सेटिंग, बदलली. आता मी एका वेळी अनेकांचं ऐकू लागलो. मालकांना नुसतं पाहायचंच तर आहे, असा तिचा हिशेब. त्यामुळे नत्थूजींना सांगण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नाही. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

पुढे ओली मिरची आली आणि नळी चोंदली. नत्थूजींनी मला धरलं, यंत्र थांबवलं, "धरला गा!" म्हणून कवडूला हाक दिली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तिकडे मालकांच्या मोबाइलवर यंत्र 'बंद' दिसलं. त्यांनी दामिनीला फोनवरून झापलं. तिला वाटलं, नेहमीसारखी लाइट जाऊन आली असेल आणि यंत्र तसंच बंद राहिलं असेल. पूर्वी तिला 'व्यस्त' दिसलं असतं आणि ती थांबली असती. या वेळी तसं काहीच दिसलं नाही. तिनं 'सुरू'चा हुकूम पाठवला आणि तो मी यंत्राला पोचवला.

नत्थूजींची किंकाळी मी ऐकली. कवडूनं धावत जाऊन मेन स्विच पाडला, पण उशीर झाला होता. नागपूरच्या दवाखान्यात नत्थूजींचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

डबा बिघडला, असं मालकांनी ठरवून टाकलं. मला उपसून दामिनीच्या टेबलावर आणून टाकलं. मी बिघडलो नव्हतो. दामिनीला हे ठाऊक होतं, पण ती गप्प राहिली. माझ्याकडे पाहायचंसुद्धा ती टाळायची.

जखम भरल्यावर नत्थूजी बायकोला, कुसुमावतीबाईंना, घेऊन ऑफिसात आले. शर्टाची बाही पिनेनं दुमडलेली होती. त्यांना भरपाई नको होती, भांडण नको होतं. त्यांना एकच विचारायचं होतं.

"मॅडम, माह्याकडून धरायचं राहून गेलं होतं काय? मले तं आठवते धरला होता म्हणून. पण मंग चालू कसं झालं? म्हातारा झालो, चुकलो असन."

त्या अपघातानंतर दामिनीनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "तुम्ही धरला होता, नत्थूजी. मी मांडणी बदलली होती, अन् तुम्हाले सांगितलं नव्हतं. चालूही मीच केलं."

नत्थूजी खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. कुसुमावतीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पोरी, दवाखान्यातून आल्यापासून हा माणूस रोज सोताले शिव्या देऊन राहिला होता," त्या म्हणाल्या. "झोपत नव्हता. तुले माहीत होतं, मंग तू तवाच काहून नाही सांगतलं वं?"



मित्रांनो, मला पुसून जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, घरबसल्या लांबची यंत्रं चालवाल. सुरू करण्याआधी तिथल्या माणसाला हाक मारा आणि त्याची ओ येईपर्यंत थांबा. तरीही चूक झालीच, तर ती ज्याला भोगावी लागली त्याला आधी जाऊन सांगा. नत्थूजींचा हात आता कुणी परत देऊ शकत नाही. त्यांची चूक नव्हती, एवढं मात्र त्यांना त्याच दिवशी सांगता आलं असतं.