फाटकापाशी बसलेले बुवा

या, अशा जवळ या. खुर्ची राहू दे, सतरंजीवर बसा. मांडी घातली की मन हलत नाही. एक गोष्ट सांगते. पुराणातली नाही, आमच्याच मंडळातली आहे, पण ऐकून उठाल तेव्हा कुणाकडे तिरक्या नजरेने बघण्याआधी थोडं थांबाल, एवढं वचन देते.

आमचं गाव वॉटफर्डच्या पलीकडचं. कॅथीड्रल आहे म्हणून सिटी म्हणायचं, एरवी एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस 'ब्लेस यू' म्हणेल एवढंच. महिन्यातल्या एका रविवारी चर्चचा हॉल भाड्याने घेऊन आम्ही कीर्तन करायचो. कीर्तनाला उभे राहायचे मुरलीधरबुवा. तरुणपणी इकडे विलायतेत आले, वॉटफर्डच्या छापखान्यात आयुष्य काढलं, आणि निवृत्त झाल्यावर आजोबांकडून आलेल्या चिपळ्या पुन्हा हातात घेतल्या. पेटीवर साथीला मी. त्यांनी सूर लावला की हॉलमधले हीटर बंद असले तरी ऊब यायची, खोटं नाही सांगत.

दोन हजार तीन साली आमची सुहासिनी कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली. पक्ष नाही, स्वतंत्र. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेणारी बस बंद केली होती, ती परत सुरू करायची हा तिचा ध्यास. आमच्यातले निम्मे लोक वर्क व्हिसावरचे. आपल्याला इथे मत कुठलं, असंच सगळे धरून चालले होते. भारतासारख्या कॉमनवेल्थ देशांतले लोक इथे मत देऊ शकतात, हे तिने घरोघर जाऊन पटवलं. तिचा नवरा उल्हास ब्रॅकनेलला सॉफ्टवेअरमध्ये. मंडळाचा सेक्रेटरी तोच. बायकोची पत्रकं वाटत तो सगळ्यांच्या पुढे असायचा.

इथे एक रिवाज आहे. मतदान केंद्राबाहेर प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस छातीला कापडी फूल लावून बसतो आणि मत देऊन निघालेल्यांना त्यांच्या कार्डावरचा नंबर विचारतो. आपलं कोण आलं, कोण राहिलं ते त्यावरून कळतं. राहिलेल्याला घरून बोलावता येतं. सुहासिनीसाठी शाळेच्या फाटकापाशी बुवा बसले. घडीची खुर्ची, घरून काकूंनी, म्हणजे बुवांच्या बायकोने, दिलेला डबा, आणि छातीला सुहासिनीने जुन्या पैठणीच्या काठातून शिवलेलं फूल. दिवसभर झिमझिम चालू होती. चिठ्ठ्यांवर नंबर टिपत बसलेले बुवा उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेझर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या क्रीडासंकुलात, मतमोजणी. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. आम्ही दोरीच्या अलीकडे उभ्या. सुहासिनीची आणि समोरच्या उमेदवाराची मतं सारखी निघाली. पुन्हा मोजली, पुन्हा सारखी. मग अधिकाऱ्यांनी दोन पाकिटांत दोन नावं घातली, पाकिटं हलवली आणि एक उचललं. नाव समोरच्याचं निघालं.

सुहासिनी त्याच्याशी हात मिळवून हसली. बाहेर आल्यावर मात्र गाडीच्या टपाला कपाळ टेकून बराच वेळ उभी राहिली.

एक मत. एकच मत आणखी पडलं असतं तर पाकिटं हलवायची वेळच आली नसती. त्याच संध्याकाळी उल्हास म्हणाला की आपल्यातलंच कुणीतरी फिरलं. झालं. दुधात मीठ पडायला तेवढं पुरलं.

मग काय सांगू तुम्हाला. ज्यांच्या घरी मी न विचारता चहा टाकायची, त्यांच्याकडे जायला आता कारण लागायला लागलं. मतदानाच्या गुरुवारी स्लाऊला हापूस आणायला गेलेल्या एका जोडप्याने आंब्याची पेटी दाखवून सांगितलं की आधी मत, मग आंबे. पेटी पाहून संशय अजूनच वाढला, कारण त्यातला एकही आंबा कुणाच्या घरी आला नव्हता. उल्हास रोज नवं नाव काढायचा आणि सुहासिनी त्या घरी जाऊन गोड बोलून विचारून यायची. तिला हे आवडत नव्हतं. पण जायची.

शेवटी आसावरीने बॉम्ब टाकला. आसावरी पुण्याहून आलेली, सगळ्यांत तरुण, डोळा घारीचा. ती म्हणाली की मतदानाच्या दिवशी बुवा समोरच्या पार्टीच्या म्हाताऱ्याला स्वतःच्या थर्मासमधला चहा देत होते आणि आपल्याकडचे नंबर त्याला वाचून दाखवत होते.

आता, नंबर चुकला तर एकमेकांना विचारतात, हाही इथला रिवाजच. पण त्या दिवशी कुणाला रिवाज ऐकायचा होता? उल्हासच्या घरी बैठक भरली. बुवांना सरळ विचारलं, आपल्यातलं कोण आलं नव्हतं?

बुवा शांतपणे म्हणाले, "जो आत गेला त्याचा नंबर मी घेतला. जो गेला नाही त्याचा कसा घेणार?"

"मग त्या चिठ्ठ्या दाखवा," आसावरी म्हणाली.

"फाडल्या. निवडणूक संपली."

चिठ्ठ्या फाडल्या? कशाला? ज्याच्या मनात काही नाही तो कागद कशाला फाडेल? मी बुवांच्या इतकी जवळची, त्यांचा श्वास कुठे तुटतो ते पेटीवर बसून मला कळतं. तरी माझ्याही मनात पाल चुकचुकली. ठरलं असं की नृसिंह जयंतीचं कीर्तन जाहीर झालंय, तेवढं होऊ द्यावं. पुढच्या महिन्यापासून लेस्टरहून दुसरे बुवा आणावेत. उल्हासने मान डोलावली, पण डोळे गालिच्यावरून वर आले नाहीत.

बुवा जाताना एवढंच म्हणाले, "गादी नारदाची आहे, माझी नाही. तुम्ही म्हणाल त्याने उभं राहावं."

कीर्तनाला हॉल भरला होता. भक्तीने नव्हे, हे काय बोलतात ते ऐकायला. बुवांनी नेहमीसारखा फेटा बांधला, उपरणं सावरलं आणि पूर्वरंगात नामाचा महिमा सांगितला. स्वतःविषयी एक अक्षर नाही. तरी लोकांना प्रत्येक वाक्यात टोमणा दिसत होता. देव खांबातही आहे म्हणाले, तर माझ्या मागे बसलेली आसावरी माझ्या कानात कुजबुजली, "हे आपल्यालाच हं, देवयानीताई." मी भात्यावरचा हात थांबवला नाही, पण सूर जरा घसरला. बुवांनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, सांभाळून घ्या म्हणून. त्या कानाला सगळं कळायचं.

पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालायचा, हे तुम्हाला माहीत आहे. गादीवर उभ्या असलेल्याचं वय बघायचं नाही, जात बघायची नाही. पोटचा मुलगा असला तरी बापाने वाकायचं. हार सेक्रेटरीच्या हातून. सगळे नामाचा गजर करतायत, टाळ वाजतायत, आणि उल्हास ताट घेऊन पुढे आला.

त्याने बुक्का लावला. हार उचलला. बुवांनी मान खाली केली. हार काही गळ्यात पडेना. मी वर पाहिलं तर उल्हास हार तसाच हातांत धरून उभा होता. गजर आपोआप विझत गेला.

त्याने हार ताटात परत ठेवला, बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठून पहिल्या रांगेतल्या सुहासिनीकडे वळला.

"मी मत दिलं नाही," तो म्हणाला. "शाळेपर्यंत आलो होतो. गाडीत बसून राहिलो, आणि तसाच परत गेलो. बुवांनी पाहिलं होतं."

मग तो पुढे म्हणाला, "तू निवडून आली असतीस तर आपण नागपूरला परत गेलो नसतो. आई वाट बघतेय. तुला नको म्हणायची हिंमत नव्हती माझ्यात."

कुणीतरी मागे खोकलं. सुहासिनी उठली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"नको म्हणायचं होतंस, उल्हास. भांडले असते. पण लोकांच्या दारात मला पाठवलंस, ते का?"

तिने ताटातला हार घेतला, बुवांच्या गळ्यात घातला, वाकली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तिच्यामागून आसावरी आली. मग सगळा हॉल. आंबेवालेसुद्धा. मी पेटीवरून उठू शकत नव्हते. पेटीलाच डोकं टेकवलं.

बुवांनी उल्हासला हाताने धरून गादीशेजारी बसवलं आणि त्याच्या हातात झांज दिली. म्हणाले, "ताल चुकला तर चुकू दे, हात चालू ठेव." आणि उत्तररंग सुरू केला. प्रल्हादाला विष देतात तो प्रसंग मी किती वेळा ऐकलाय. पण त्या दिवशी त्यांनी विष कालवणाऱ्या आईची, कयाधूची घालमेल अशी गायली की तिचाही राग येईना.

चिठ्ठ्या का फाडल्या, ते मी नंतर विचारलं. म्हणाले, एक नंबर नसलेला दिसला असता तर एक घर मोडलं असतं. माझं काय, लोक चार दिवस बोलले असते. मी म्हटलं, कीर्तन गेलं असतं की तुमचं. त्यावर ते चिपळ्या पुसत राहिले.

त्या घरात पुढे बरंच काय काय झालं, ते त्या दोघांचं आहे. सासूबाई सहा महिने इकडे येऊन राहिल्या, एवढं सांगते. चार वर्षांनी सुहासिनी पुन्हा उभी राहिली. तेव्हा शाळेच्या फाटकापाशी घडीच्या खुर्चीवर उल्हास बसला होता, छातीला तेच पैठणीचं फूल. सगळ्यांत आधी मत देऊन मग बसला होता. बुवा तोवर राहिले नव्हते.

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही कधी मत देऊन बाहेर पडाल आणि पावसात बसलेला एखादा म्हातारा तुम्हाला नंबर विचारेल. घाई असली तरी थांबा, सांगा त्याला. आणि तेवढ्या वेळात आमच्या मुरलीधरबुवांची आठवण काढा.