बोंडल्यातलं आगाऊ औषध

मी एक जुनी चांदीची वाटी आहे. तान्ह्या बाळाच्या ओठांशी टेकवायला मला इवलीशी चोच आहे, म्हणून मला बोंडलं म्हणतात. मित्रांनो, हल्ली मला कुणी ओळखत नाही, याचा पूर्वी मला फार राग यायचा. आता येत नाही.

शिरूरच्या एका सोनाराने मला घडवलं. कुरकुंभजवळच्या एका गावात, हरिबा आणि रतनबाईंच्या घरी मी आले. त्यांचा बिरदेव माझ्यातूनच दूध प्यायला. शेजारणी मला मागून न्यायच्या, तेव्हा मी तोऱ्यात असायचे. पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी ट्रंकेत गेले.

यंदा बिरदेवच्या बायकोला, धनश्रीला, मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली, अगदी मूठभर. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, फक्त आईचं दूध द्या. पण हरिबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांचं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं.

"कोकरांना आजार यायच्या आधीच टोचून घेतो, तवाच ती जगत्यात," ते म्हणाले. "लेकरालाबी आधीच औषध दिऊ."

थोरल्या नातवाच्या तापाचं अँटिबायोटिक घरात उरलं होतं. रतनबाईंनी मला पदराने पुसलं आणि रोज थोडं थोडं माझ्यातून पाजलं. किती वर्षांनी माझ्या चोचीला तान्हे ओठ लागले. मी सुखावले होते.

एका सकाळी पोर गार लागायला लागली.

"मामा, दवाखान्यात नेऊया," धनश्री सासऱ्यांना म्हणाली. "दूध वढंना ती."

"औषध चालू हाय न्हवं? बिरदेव शिफ्टवरनं यिऊ दे, मग बघू."

दुपार कलल्यावर घरोघर तान्ही बाळं बघणाऱ्या आरोग्यसेविका, आशाताई आल्या. त्यांनी पोरीला हात लावला आणि लगेच गाडी बोलावली. दौंडला डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात पसरलेत. हरिबांनी त्यांना औषधाचं आणि कोकरांचं सांगितलं.

"आबा, कोकरांना टोचतात ती लस. हे औषध वेगळं. कुठल्या बाळाला ते आधी द्यायचं, हे आम्ही तपासून ठरवतो. सकाळीच आणायचं होतं."

पोर वाचली नाही.

मित्रांनो, तान्ह्याला माझी गरज नाही. उरलेलं औषध त्याला कधी पाजू देऊ नका. ते दूध ओढेना, गार पडलं, तर घरातल्यांना थांबू देऊ नका. मला फार वाईट वाटतं.

धनश्रीला अजून पान्हा फुटतो. ती मोरीत जाते, दूध पिळून टाकते आणि पुन्हा भाकरी थापायला बसते.