सहा दारांना तीन पायऱ्या

जुन्या वखारीच्या जागी सहा घरं उभी राहायची होती, आणि ती गल्लीत उपरी वाटता कामा नयेत, अशी गल्लीकरांची अट होती. "काड्यापेट्या रचून ठेवू नकोस हं," समोरच्या शिंपीणकाकूंनी आर्किटेक्टबाईंना बजावलं होतं. बाई कसल्या, याच गल्लीतली पोर. तिचे अण्णा, जन्मभर गवंडीकाम केलेले, वखारीला लागूनच राहत. बायको गेली, मागून काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. देवाने नजर नेली, पण पावलांना वाट ठेवली होती. "ज्या दिवशी माझं दार मला सापडणार नाही, त्या दिवशी ने तुझ्याकडे," असं ते लेकीला सांगत.

लेकीने जीव ओतला. टेप घेऊन गल्लीभर हिंडली. खिडक्यांची उंची, छपराचा उतार, सगळं जुन्याशी जुळवलं. पायऱ्यांपाशी मात्र अडली. गल्लीत सगळ्यांना दोन, अण्णांना तीन. घरात पाणी शिरायचं म्हणून त्यांनी एका वर्षी स्वतःच्या हाताने जोतं उचललं होतं. तिने सहाही घरांना तीन काढल्या. दारातून शिरताच उजव्या हाताला त्यांचा कोनाडा होता, तोही घेतला. बापाचं काम सहा घरांत राहील, एवढीच तिची माया. अण्णांना मुद्दाम सांगितलं नाही. पुरं झालं की हात धरून दाखवणार होती.

बांधकामाभोवतीचे पत्रे निघाले त्या सकाळी अण्णा कोपऱ्यावरून दूध घेऊन परतत होते. गणित सोपं होतं. आधी वखारीची भिंत, हल्ली पत्रे. ते संपले आणि काठीला तीन पायऱ्या लागल्या, की घर. लागल्या. चढले. कुलूप चाचपलं, तर दारच नाही.

मुकादमाचा फोन आला तशी ती ऑफिसातून धावत आली. अण्णा अजून दार न बसलेल्या पहिल्या नव्या घरात, कोऱ्या भिंतीशी उभे होते. हात कोनाड्यात फिरत होता.

"लुटलं गं आपल्याला. दार काढून नेलं, पलंग नेला. तुझ्या आईचा फोटोसुद्धा ठेवला नाही मेल्यांनी. त्यांच्या काय कामाचा तो?"

"अण्णा, हे आपलं घर नाही."

"मला शिकवतेस? माझा कोनाडा मी ओळखत नाही?"

तिने त्यांना धरून बाहेर आणलं. पुढच्या दाराशी काठी तीनदा वाजली. "हे?"

"नाही, अण्णा."

त्याच्या पुढच्या दाराशी पुन्हा, "मग हे?"

"नाही."

"काय जमवलंयस गं!" समोरून शिंपीणकाकू ओरडल्या. "जुनं कुठलं, नवं कुठलं, ओळखू येत नाही!"

सातव्या दाराशी अण्णांनी विचारलंच नाही. तिने कुलूप उघडलं, त्यांचा हात आईच्या फोटोवर नेऊन ठेवला. हात त्यांनी तसाच मागे घेतला.

"सहाही सारखी?"

"हो."

"तीन पायऱ्या कुणी काढल्या?"

"मी."

"पायऱ्या नीट बसल्यात. एकही वरखाली नाही."

"उद्याच फोडायला लावते, अण्णा. प्रत्येक दाराची एक एक."

"पक्क्या कामाला हात लावू नकोस. फोडून माझे पाय थोडेच परत येणार? आता इथेसुद्धा वाटतंय, हे माझंच कशावरून." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "तुझा कितवा मजला?"

"चौथा."

"म्हणजे बाहेर पडणं संपलं," ते म्हणाले, आणि कपडे बांधायला कपाटाकडे निघाले. कपाट डावीकडे होतं. त्यांचा हात उजवीकडच्या भिंतीला लागला.