दर्शनी आठ

उंबरपाड्याचं सरपंचपद महिलेसाठी राखीव झाल्याची बातमी आली, त्या दिवशी पांडूशेठ जेवला नाही. सहा वर्षं तो त्या खुर्चीच्या मागे होता. कशेळ्याच्या नाक्यापासून कडावपर्यंत सण कुणाचाही असो, शुभेच्छा पांडूशेठच्या असत. फ्लेक्सवर गॉगल लावलेला पांडूशेठ आणि त्याच्या मानाने बेताचा देव. तिसऱ्या दिवशी मात्र त्याने पोटभर जेवून घेतलं आणि जाहीर केलं की आपल्या घरात एक महिला आहे.

ती महिला, म्हणजे त्याची बायको पुतळाबाई, तेव्हा त्याला भात वाढत होती.

"मला इचारलंत?"

"इचारायचं काय त्यात? सही तुझी, बाकी सगळं मी बघतो."

वाद नको म्हणून ती हो म्हणाली. पण पुढच्याच आठवड्यात कर्जतला महिला उमेदवारांचं शिबिर भरलं. नवऱ्यांना दाराबाहेर थांबवलं होतं. आत एका बाईने पुतळाबाईला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "सरपंच झालात तर आधी काय कराल?" बत्तीस वर्षांच्या संसारात 'काय कराल' हे तिला फक्त भाजीच्या बाबतीत विचारलं गेलं होतं. ती वरच्या आळीच्या नळाविषयी वीस मिनिटं बोलली आणि कोणीही मध्ये तोंड घातलं नाही. बाहेर आली ती सरपंच व्हायचंच असं ठरवून. नवऱ्याला हे सांगितलं नाही. ती त्याच्यासाठी उभी राहतेय अशी त्याची समजूत होती. असू दे, ती मनाशी म्हणाली.

अडचण निघाली ती दातांची.

फ्लेक्सवाला जितेश फोटो काढायला घरी आला आणि म्हणाला, "काकी, जरा हसा." काकी हसल्या. जितेशने कॅमेरा खाली घेतला. पुतळाबाई सोळाव्या वर्षापासून मिसरी लावत होती. सकाळी, दुपारी आणि राग आला की. भाजून कुटलेल्या तंबाखूने तिचे दात तव्याच्या रंगाचे झाले होते, मात्र अजून ऊस सोलतील असे घट्ट.

"कंप्युटरवर पांढरे कर की रं," पांडूशेठ म्हणाला.

"करीन शेठ. पण काकी दारोदार फिरणार ना? फ्लेक्सवर एक तोंड आन् दारात दुसरंच. लोक म्हणतील, उमेदवार डुप्लिकेट हाय."

हा मुद्दा बिनतोड होता. तिघं कर्जतला डॉ. मेघाच्या दवाखान्यात गेले. मेघा मोहोपाड्याच्या कामगार वसाहतीत, कारखान्याच्या साहेबांच्या गाड्या बघत वाढलेली, त्यामुळे दारात उभ्या राहिलेल्या शेठच्या पांढऱ्या गाडीचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

"व्हिनियर म्हणजे दातावर पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा," ती म्हणाली. "त्यासाठी दात थोडा घासावा लागतो, आणि घासलेलं पुन्हा उगवत नाही. आधी हिरड्या सुधारू. मिसरी आजपासून बंद. खरं सांगू का, मावशींचे दात मजबूत आहेत, नुसती सफाई केली तरी..."

"सफाई नको मॅडम, नवीन पायजेत," पांडूशेठ म्हणाला.

मेघाने सुस्कारा सोडून प्रकार सांगितले. कंपोझिट एका दिवसात होतं, पण लवकर डागाळतं. पोर्सेलिनला वेळ लागतो, पण ते टिकतं. पांडूशेठ फार्महाऊसचे प्लॉट विकायचा, त्याला लगेच कळलं. "म्हंजे एक पुट्टी आन् एक टाइल. टाइल घ्या."

मग रंगांची पट्टी निघाली. मेघाने वयाला शोभेल असा किंचित पिवळसर रंग दाखवला. जितेश म्हणाला, "हा फ्लेक्सवर मातकट मारील." पांडूशेठने पट्टीच्या पार टोकाला बोट ठेवलं. तिथला पांढरा रंग जन्माला आलेल्या कोणाही माणसाच्या तोंडात नसतो, फ्रिजला असतो.

"किती दातांना लावायचं?" मेघाने विचारलं.

"फोटोत किती येतात रं?"

जितेशने मोबाइलवर मोजले. "वरचे आठ. खालचे ओठामागं जातात."

"मग वरचे आठ."

पुतळाबाईला कोणी विचारलं नाही. तिचं तोंड तपासणीसाठी उघडं होतं, त्यामुळे तिला बोलताही येत नव्हतं.

पुढच्या हिरड्यांची सफाई झाली. मागच्या आणि खालच्या दातांची सफाई पुढच्या खेपेला ठेवली होती, ती खेप पांडूशेठने प्रचाराच्या गडबडीत परस्पर रद्द केली. महिन्याभराने आठही पापुद्रे बसले आणि मेघाने ते सांभाळायचं कसं ते सांगितलं. मऊ ब्रश, साधी पेस्ट. मटणातली नळी फोडायची नाही, सुपारी नाही, दातांनी दोरा किंवा पिशवी तोडायची नाही. "आणि मिसरी तर कधीच नाही मावशी. कडेला काळं धरेल, हिरड्या सुजतील आणि शेवटी पापुद्रा निघून हातात येईल." यातून खाण्यापिण्याला काय उरलं, याचा विचार पुतळाबाई घर येईपर्यंत करत होती.

गावात आता पुतळाबाईच्या आधी तिचे दात यायचे. ओसरीवर ती हसली की परसातली म्हैस मान वर करून बघायची. फ्लेक्स लागले. त्यांवर तिचं नाव 'पुतळाताई' झालं होतं आणि पांडूशेठ खाली एका वर्तुळात सरकला होता. वर्तुळ तसं मोठंच होतं.

प्रचाराची सुरुवात वरच्या आळीतल्या सोनुबाईच्या ओट्यापासून झाली. या ओट्यावर दुपारी चौदा बायका जमत. चौदा बायका म्हणजे चौदा घरं, आणि त्या घरांतले पुरुष कुठे मत द्यायचं ते जेवताना ऐकून घेत. पुतळाबाई तीस वर्षं त्याच ओट्यावर बसत आली होती. डबी फिरायची, प्रत्येकीने बोट बुडवायचं. डबी नाकारायची रीत तिथे नव्हती. सोयरीक मोडायला आलेली माणसंसुद्धा आधी बोट बुडवत.

सोनुबाईने डबी पुढे केली.

"नको गं आत्या. डॉक्टरणीनं मना केलंय."

डबी हवेत तशीच राहिली. सोनुबाई ऐंशीला टेकलेली, पण नजर तिखट. "अगो बाई," ती बाकीच्यांना म्हणाली, "आता आपली मिसरी हिला चालत नाय. ताई झाली ना ती."

"तसं नाय..."

"मग कसं? दात लावले म्हंजे तोंड बी दुसरं लावलंस काय?"

चौदा जणी हसल्या आणि पुतळाबाई एकटी परत आली. दुसऱ्या दिवशी समजलं ते त्याहून वाईट होतं. विरोधी उमेदवार हर्षला, एम.कॉम., वय तीस, दात स्वतःचे, त्याच ओट्यावर गेली होती. तिने जन्मात मिसरीला बोट लावलं नव्हतं. पण चुलीपाशी बसून, ठसकत, डोळे पुसत तिने चौदा जणींसाठी तवाभर मिसरी भाजून दिली होती.

पुतळाबाईने तडक जीप धरली आणि कर्जत गाठलं.

"बाय, एकच बोट लावलं तर?"

"नाही."

"नखाएवढी?"

"मावशी, हा भाजीबाजार आहे का? नखाएवढीही नाही. तुमच्या हिरड्या आत्ता कुठे सावरतायत." मेघाने तिला खुर्चीत बसवलं, तोंड तपासलं आणि हातात आरसा दिला. "पुढचे बघा, छान आहेत. पण मागे बघा. दाढा अजून कोळशासारख्या. खालचेही तसेच. आज सगळे साफ करून टाकू."

पुतळाबाईने आरसा तिरका करून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तोंड मिटून ती खुर्चीतून उतरली.

"आज नको. मतदानापातुर ऱ्हाऊ दे."

"का?"

"काम हाय त्यांचं."

दुपारी ती सोनुबाईच्या ओट्यावर गेली. कोणी सरकून जागा दिली नाही. ती पायरीवर बसली.

"मिसरी घ्यायची नाय मला. इचारूच नका," ती म्हणाली. "पण आत्या, तू म्हनलीस ना तोंड दुसरं लावलं? मग बघ." आणि तिने आ केला.

सोनुबाई वाकली. काही दिसेना म्हणून सुनेकडून मोबाइलची बॅटरी लावून घेतली. उजेड आत पडला तशी ती ओरडली, "आगं हायत! समदे हायत गं! मागं काळेच्या काळे हायत!"

मग रांग लागली. एकेक जण बॅटरी धरून बघून गेली. "पुढं नुस्ती फरशी बसवलीया." "खालचे बी आपलेच हायत." एकीने खात्री म्हणून बोटाने दाढ हलवून पाहिली. पुतळाबाईचा जबडा दुखायला लागला, तरी तिने रांग संपेपर्यंत तो मिटला नाही.

"हे अर्धंच का केलंस?" सोनुबाईने विचारलं.

"मी कुठं केलं? पुढचे आठ शेठचे हायत. बाकीचे माझे."

"मग खुर्चीत कोन बसणार? पुढचे का मागचे?"

"मागचे."

ओटा हसून हसून खाली यायचा बाकी राहिला. सोनुबाईने डबी कमरेला खोचली आणि ओट्यावर हात आपटला. "वर ये. पायरीवर काय बसलीस पाहुणीसारखी?"

पुतळाबाई एकोणीस मतांनी निवडून आली. पांडूशेठ गुलालात न्हाऊन भेटेल त्याला सांगत होता, "आपण दातांवर जिंकलो." पुतळाबाईने ते खोडून काढलं नाही. दुसऱ्या आठवड्यात कर्जतला जाऊन तिने मागच्या दाढाही साफ करून घेतल्या. मिसरीची आठवण आली की ती अजून चिडचिड करते, आणि ती सगळी पांडूशेठच्या वाट्याला येते.

ग्रामपंचायतीच्या पहिल्या बैठकीला पांडूशेठ नवा शर्ट घालून आत शिरला आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. ग्रामसेवक अवघडून फाइलीत बघू लागला. पुतळाबाईने शिपायाला हाक मारली.

"साईराज, यांची खुर्ची बाहेर व्हरांड्यात ठेव रं बाबा. वारा चांगला येतो तिथं. आन् चा दे."

पांडूशेठ व्हरांड्यात बसला. चहा खरंच आला. वरच्या आळीच्या चार बायका सोनुबाईला धरून पायऱ्या चढत आल्या आणि त्याच्यासमोर थांबल्या.

"सरपंच हायत का आत?" सोनुबाईने विचारलं.

पांडूशेठने कप खाली ठेवला.

"हायत," तो म्हणाला. "जा."